बापाचा रकाना

स्टेइनुन थोरुन्नारदोत्तिर आज निवृत्त झाली.
छत्तीस वर्षं.
मेंढ्यांच्या हिशेबात नऊ पिढ्या.

चारशे बारा नंबरच्या मेंढीचा
खापरपणजोबा कोण, विचारा;
कुठल्या हिवाळ्यात त्याचा खूर सडला,
तेही सांगेल.

सप्टेंबरात डोंगरावरून कळप उतरतो.
दगडी कुंपणाशी वाकून ती अजून
कोकरांची पाठ अंगठ्यानंच चाचपते,
यंत्रं आली तरी.

या बेटावर माणसं बापाचं नाव लावतात.
हिच्यापुढे आईचं.
बंदरात एक बोट आठवडाभर थांबली होती,
एवढंच.

एक नळी रक्त दिलं असतं, तर कळलं असतं.
प्रयोगशाळा तिचीच होती.

वहीतली शेवटची नोंद:
कोकरू, मादी, करड्या रंगाचं.
बाप माहीत नाही.
वजन चांगलं.