वयाचा रकाना

उपकेंद्राच्या भिंतीवर पिवळ्या रंगात 'मैत्री' लिहिलंय.
खाली वेळ : शनिवार, दोन ते चार.
रंग देऊन दोन वर्षं झाली,
शनिवारी आत आलं ते फक्त शेळीचं एक पिल्लू.

मागच्या दाराशी लाकडी पेटी आहे निरोधाची.
संध्याकाळी भरावी, सकाळी रिकामी.
पारावरची पोरं नेतात,
काहींना तर मिसरूडही फुटलेलं नाही.
पेटी कुणाला वय विचारत नाही.

मला विचारावं लागतं.
मी दैवशाला, वडवणीच्या पलीकडच्या वाडीची आशा.
माझ्याकडं रजिस्टर,
वर छापलेलं 'पात्र जोडपी',
आणि तिसरा रकाना : पत्नीचे वय.

शिवकन्या आली ती लाइट गेल्यावर.
हातात वाटी, साखर मागायला आल्यासारखी.
आठवी शिकलेली. आधारवर सोळा,
मंगळसूत्रावर अठरा.
अक्षय तृतीयेला लगीन, दसरा झाला की फडावर.
नवरा-बायको मिळून एक कोयता,
मुकादमाची उचल जोडीलाच मिळते.
"मावशी, मला पाचटावर नाही बाळंत व्हायचं.
जाऊ झाली माझी. पाचव्या दिवशी
मोळी होती तिच्या डोक्यावर."
एवढंच बोलली. रडली नाही.
वाटी मात्र दोन्ही हातांनी गच्च.

आता काय लिहू?
सोळा लिहिलं तर डॉक्टरांना सांगावं लागतं,
डॉक्टरांनी चौकीला,
चौकीनं जीप घेऊन तिच्या दारात.
नवरा वीस वर्षांचा, बैलालासुद्धा भिऊन असतो,
तो आत.
आणि पुढं ह्या वाडीतली एकही पोर
वाटी घेऊन माझ्याकडं येणार नाही.
एकोणीस लिहिलं तर मी खोटी.
काहीच नाही लिहिलं तर गोळी नाही :
गोळीला नाव लागतं, नावाला वय.

कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही.
माझी थोरली पंधराची आहे,
तिच्याकडं बघून रात्री वाटतं, असावा कायदा,
दाराला आतून कडी असावी तसा.
आणि ह्या पोरीच्या हळदीला मी गेले होते की.
जेवले. बुंदी चांगली झाली होती.
दहा-अठ्ठ्याण्णवचा कागद
उपकेंद्रात माझ्याच हातानं चिकटवलेला,
मोबाइल पिशवीत, चार्जिंग पूर्ण.
नाही लावला.

मग लिहिलं ते असं :
दैवशाला भीमराव, वय एक्केचाळीस,
माला-एन, पाकिटं सहा.
पांढऱ्या एकवीस, तांबड्या सात,
चुलीच्या उजेडात तिला समजावून दिल्या.
तिनं पाकिटं मिठाच्या डब्यात तळाशी खुपसायची ठरवली.
"मीठ कुणी उचकत नाही, मावशी."
जाताना आठवण झाली तिला,
वाटीत खरंच साखर मागून घेतली.

महिन्याच्या बैठकीत
तालुक्याच्या सुपरवायझर बाई एका ओळीवर
बोट ठेवून थांबल्या.
"तुमचं ऑपरेशन झालंय ना?"
"हो. बारा वर्षं झाली."
"मग ह्या?"
पंखा खडखडत होता.
बाहेर कुणाचं तरी लेकरू सुई टोचून घेऊन रडत होतं.
बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
पान उलटलं
आणि म्हणाल्या, लोहाच्या गोळ्यांचा साठा सांगा.

ट्रॅक्टर गेले दिवाळीच्या आधीच.
भांड्यांवर गादी, गादीवर शिवकन्या,
मांडीवर डबा.
माझ्याकडं बघितलं नाही तिनं, बरंच केलं.

तेव्हापासून मी मोजते.
एक पाकीट अठ्ठावीस दिवस,
सहा म्हणजे साडेपाच महिने,
पट्टा पडेपर्यंत पुरावीत.

काल बातम्यांत सांगितलं,
ऊस अजून उभा आहे,
सरकारनं गाळप महिनाभर वाढवलं.