मोजदाद

गोड्या पाण्यातल्या माशाला
आमच्या चेंदणीच्या घरात मासा म्हणत नाहीत.
आत्या म्हणायची, "चिखलच खावाचा त अंगनातला खा."
निवटी मात्र चालायची.
ती चिखलातच राहते, पण तो चिखल खारा.

म्हणून नववीत,
विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी
तलावभर पांढरी पोटं वर आली
तेव्हा घरात कुणाचा घास अडला नाही.
पालिकेचा माणूस फावड्याने डंपर भरत होता.
मी विचारलं, किती?
तो म्हणाला, दोन खेपा.

दोन खेपा.
मी नाकाला रुमाल लावून काठाकाठाने मोजत गेले.
चारशे बारावर चुकले.
परत पायरीपासून.
साक्षात्कार वगैरे काही झाला नाही,
तो मी नंतर, मुलाखतीत विचारतात म्हणून, घातला.

मग शिकले:
जाळ्याचा आस बोटाने नाही, पट्टीने मोजायचा.
खवल्यांची रांग डाव्या कुशीवरची.
पाण्यात प्राणवायू किती, ते पहाटे बघायचं,
दुपारी तलाव खोटं बोलतो.
आणि अनुदानाच्या अर्जात
"समाजास उपयोग" या रकान्यापुढे
चहा गार होईपर्यंत बसायचं.

येऊरच्या ओढ्यात सोमी वरठा
गुडघ्यापर्यंत उभी राहून
ओंजळ वर आणते.
ओंजळीत पाणी, पाण्यात करंगळीएवढा पट्टेरी जीव.
पुस्तकात त्याला कुणा साहेबाचं आडनाव आहे.
ती म्हणते धोंडचाट्या.
"धोंड्याला चिकटून असतो. वर बंगला बांधाया घेतला
का पयला हाच जातो."
माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण,
आलेख सोडून.

आभारात तिचं नाव घातलं, वाचून दाखवलं.
तिने विचारलं, माशाचं लिवलंस ना नीट?

संध्याकाळी घरी येते.
पिशवीला शेवाळाचा वास, बुटात अर्धा ओढा.
आत्या दार उघडते, नाकाला पदर.
"काय गावला?"
नऊ.
"नव टोपल्या?"
नऊ मासे.
"कालवनाला?"
सोडून दिले. मोजले, मापले, सोडले.

ती माझ्याकडे बघत राहते,
कुणीतरी भरली बोट बंदरातून परत दर्यात नेल्यासारखं.
आत जाते. कुकरची शिटी होते.
मग स्वयंपाकघरातूनच:

"मागच्या येलेला किती व्हते?"

एक बूट काढलेला, एक पायात.
चौदा, आत्या.