जागा

उद्या नवरगावचा प्रयोग रेकॉर्ड करायचा
अन् लॅपटॉप म्हणते, जागा नाई.
सी ड्राइव्ह लाल.

मंडई उठली तरी
मांडवाचे बांबू काढाले कोणी येत नाई,
तसं पडून होतं सगळं:
तीन लग्नं, एक बारसं,
सरपंचाचं भाषण, दोनदा.
उडवलं.
रिसायकल बिन झाडून काढली.
तरी चार जीबी कमीच.

राहिलं गेल्या साली पळसगावचं नाटक,
रात्रभराचं.
पडदा उघडायच्या आधी
मुखरू ऑर्गनवाला माइकला तोंड लावून:
"हॅलो... मांगच्या लोकायले
आवाज येऊन रायला का?"

नाटक पुसलं.
तेवढे अकरा सेकंद कापून ठेवले.

येऊन रायला, मुखरू.
आमी मांगंच बसून आहो.