डावा पुढचा

रात्री साडेआठला पिस्ता पाय उचलत नाही,
मीच खाली बसतो.
आधी हाताची पालथी बाजू फिरवतो
गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, सावकाश.
तळहाताला ऊब नीट कळत नाही,
तळहातानं जन्मभर लगाम धरलाय.

मागची शीर अजून फुगीर आहे,
तुरीच्या भरल्या शेंगेसारखी मधेच जाड.
गरम नाही.
म्हणजे आजचं कालच्याइतकंच आहे,
आणि आमच्या घरी त्याला चांगलं म्हणतात.

तीन आखाज्या झाल्या.
बोरीच्या वरातीत कुणीतरी लड पेटवली
थेट तिच्या पोटाखाली.
नवरदेव वरच होता. ती उडाली,
आणि उतरताना पाय नालीच्या कडेवर.
आवाज काही आला नाही.
बँडवाल्यांनी गाणं पूर्ण केलं,
मलाही पैसे पूर्ण मिळाले.

डॉक्टर ठवकर म्हणाले, कंडरा जुळेल,
पण रफू केलेल्या धोतरासारखी.
धागा भरतो, ताण भरत नाही.
पिळू नका म्हणजे झालं.

ती अकरा महिने उभी होती.
ते अकरा महिने बेबी जिनिंगला जात होती,
केसांत कापूस घेऊन परत यायची,
म्हातारी झाल्यासारखी दिसायची दारात.

बांधायला शिकवलं जब्बारचाचांनी.
दारव्ह्याच्या स्टेशनावर टांगा होता त्यांचा.
लहान गाडी बंद पडली, तरी वर्षभर
गाडीच्या वेळेला ते टांगा जुंपून उभे राहत.
आता मोतीबिंदू आहे, पण बोटांना दिसतं.
"घट्ट बांधशीन तं नस मरन,
ढिल्लं सोडशीन तं घसरून फास बसन.
एक बोट आत गेलं पायजे.
दोन गेले तं सोड, पुन्हा बांध."
माझं बोट त्यांनी चाचपलं
आणि म्हणाले, हे बोट हाय का मुसळ,
पोरीले बोलाव.
तेव्हापासून शेवटचं बोट समीक्षा घालते.

खाली कापसाची गादी, पिंजून आणलेली.
सरकी नको, पाचोळा नको,
एक काडी राहिली तर रात्रभर
तीच एकटी चालत राहते पायात.
मग पट्टी. नळीवर पुढून बाहेरच्या अंगाला,
मागून आत,
प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा.
ओढायचं ते हाडावर, शिरेवर नाही.
घोट्याखालून एकदा झोळीसारखं उचलायचं
आणि वर येऊन गाठ बाहेरून,
तिला लागणार नाही अशी.

मग उजवा.
उजव्याला काहीच झालेलं नाही.
पण कुणी न सांगता
डाव्याचं वजन रात्रभर तोच धरतो.
चाचा म्हणाले, लंगड्याचा चांगला पायच आधी जातो,
त्याच्याकडं कोणी पाहत नाही म्हणून.
बेबी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं.
काही बोलली नाही, तवा उतरवला.
मी त्या दिवशी उजव्याची पट्टी
दोनदा सोडून बांधली.

आता आम्ही वराती घेतो, नाच घेत नाही.
सिमेंटच्या रस्त्यावर डीजेपुढं उडवा म्हणतात,
मी म्हणतो, चालेल, म्हणजे फक्त चालेल.
अर्धे लोक फोन ठेवून देतात.
लग्नाच्या दिवशी पट्ट्यांवर बेबीनं शिवलेले
लाल मखमली मोजे असतात, जरीची किनार.
परवा डिग्रसच्या एका मामांनी विचारलं,
आमच्या लग्नातल्या घोडीला असे का नव्हते?
तेव्हापासून दोन घोडीवाले
मोजे शिवून मागायला येऊन गेले.
त्यांच्या घोड्यांचे पाय धड आहेत.
बेबीनं जोडीला दीडशे सांगितले.

समीक्षाचं बोट वाढतंय.
काल आत जाताना अडलं,
ती म्हणाली, बाबा, घट्ट झालं.
घट्ट नव्हतं. मी तरीही सोडलं,
गुंडाळी केली,
आणि पुन्हा पुढून, बाहेरच्या अंगाला.
पिस्ता कडबा चावत होती.
मधेच तिनं डाव्यावर थोडं वजन टाकलं,
बघितलं,
परत घेतलं.