काटा

तिसऱ्या मजल्यावर, मोबाइलच्या काचा बदलणारी पोरं
आणि बंद पडलेला टायपिंग क्लास यांच्या मधे
पुठ्ठ्यावर लिहिलंय : शिआत्सु. जपानी अंगठादाब.
खाली बारीक अक्षरात : तेल नाही.

जळगावात तेलाशिवाय मालिश
म्हणजे वांग्याशिवाय भरीत,
असं मी दारातच म्हणालो.
दोधू झाल्टे हसले. त्यांना दिसत नाही.
जिन्यातल्या माझ्या पावलांवरून म्हणाले,
"डावा खांदा ना? डावा पाय जड टाकतोस."

कपडे अंगावर ठेवूनच गादीवर पालथा झालो.
खाली दाणाबाजार. हमालांची हाळी,
मागे येणाऱ्या ट्रकची एकसुरी शिट्टी,
कूलरचं पाणी बादलीत
थेंब, थेंब, मग बराच वेळ काहीच नाही.

मी काटे दुरुस्त करतो. वीस वर्षं झाली.
कुठलंही वजन हातात घेतलं की
तळहात आधी आकडा सांगतो, मग काटा.
म्हणून पाठीवर अंगठा टेकला तेव्हा
मी नकळत मोजायला लागलो :
एक किलो. दोन. साडेतीन.
तिथे थांबला, आणि राहिला.
रगडणं नाही, चोळणं नाही,
पोत्यात परखी खुपसून दाणा काढतात तसंही नाही.
विहिरीत सोडलेला पोहरा
कलंडायच्या आधी क्षणभर पाण्यावर नुसता बसतो ना,
तसा.

"ह्याला त्सुबो म्हणतात," ते म्हणाले.
शिकवणाऱ्या जपानी बाईंनी सांगितलं होतं,
त्या शब्दाचा साधा अर्थ मडकं.
अंगात अशी साडेतीनशेवर मडकी.
काही रिती, काही गळ्यापर्यंत.
मग अंगठा तसाच ठेवून, हळूच, अहिराणीत :
"आठे काय भरी ठेवेल शे रे भाऊ?"

म्हणालो, स्क्रू फिरवून फिरवून आखडलाय.
खोटं नव्हतं.
कोणते स्क्रू, ते सांगितलं नाही.
तुरीच्या हंगामात, शटर अर्धं ओढलेलं,
शेठनं चहाचा ग्लास पुढे सरकवत म्हणावं,
"मिस्त्री, जरा पन्नास ग्रॅम."
मागची पट्टी, चार स्क्रू, आत एक बटण.
पन्नास ग्रॅम म्हणजे काय,
मूठभर तूर. सांडतेच की तेवढी.

अंगठा हलला नाही.
मी श्वास धरून ठेवलाय, हे त्यांनीच सांगितलं.

निघताना नोट बोटांनी चाचपली, घडी घातली.
"काटेवाला ना तू? पुढल्या येळी एक घेऊन ये.
माझे दोन्ही अंगठे सारखे पडतात का, बघू.
बावीस वर्षं नुसत्या भरवशावर दाबतोय."

गुरुवारी रात्री दुकानात
दहा किलोचा छोटा काटा उघडला.
पितळी वजनं लावली. एक, दोन, पाच.
पुन्हा पाच, दोन, एक.
बायकोचा फोन दोनदा येऊन गेला.
मग परत पहिल्यापासून.

शुक्रवारी दोधू काट्यापुढे गुडघ्यांवर बसले,
पाठीवर झुकतात तसेच झुकले.
उजवा : चार किलो शंभर.
डावा : चार किलो पन्नास.
त्यांचं तोंड आकड्यांकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.
खाली कुणीतरी उडदाच्या भावावरून भांडत होतं.
'सारखे' म्हटलं असतं
तर कुणाचं काय जाणार होतं.

"डावा पन्नास ग्रॅमनं कमी," मी म्हणालो.

ते जरा गप्प झाले.
डावा अंगठा उजव्या मुठीत धरला,
शाळेतल्या पोराचा धरावा तसा.
मग मोठ्यानं हसले :
"मंग काटा खरा शे."

गादीवर पडलो.
त्यांनी डाव्यापासून सुरुवात केली,
आज मुद्दाम थोडा जास्त भार देऊन.
चार किलो. चार शंभर. चार दोनशे...
पुढचा आकडा
माझ्या हातून सुटला.