पातं की बर्फ

नियम सोपा आहे.
नांगराचं पातं टपालपेटीला लागलं, तर भरपाई गावाची.
पात्यानं उडवलेला बर्फ लागला, तर नाही.
बर्फ कुणाचाच नसतो.

ऑफिसातून आर्लिस विचारते, फॉर्मवर पेन टेकवून,
"कोस्की रोड, चारशे सतरा. पातं की बर्फ?"
मी म्हणतो, बर्फ.

पहाटे तीनला, काचेवर सगळं पांढरं
सरळ अंगावर येत असताना
हातांना जे हिसके बसतात
त्यांत गोठलेलं ढेकूळ कुठलं
आणि कुणाची पेटी कुठली,
हे वेगळं कळत नाही.
म्हणजे मी खोटं बोललो नाही.
खरं बोललो असंही नाही.

दुपारी बघायला गेलो. तसं ते माझं काम नव्हे.
लेम्पीबाई कारवोनेन फावडं घेऊन
मीच रचलेल्या ढिगात गुडघाभर उभ्या.
खांब बुडाशी मोडलेला, आतून भुगा
(लाकूड कुजकं होतं, हे लिहायला बरं).
पेटी चेपून उताणी,
लाल झेंडी तेवढी वर,
आम्ही ऑफिसात करतो तसे हात वर करून.
झाकणावर नवऱ्याचं नाव, ब्रशनं काढलेलं: रेइनो.
त्यातला शेवटचा 'ओ' खरवडून गेलेला,
आणि तिथे एक केशरी रेघ.

आमचं पातं केशरी आहे.

बाईंना ती दिसली होती की नाही, कोण जाणे.
त्या एवढंच म्हणाल्या,
"टपालवाली गाडीतून उतरत नाही रे,
आणि मे उजाडेपर्यंत जमीन काही खणू द्यायची नाही."
मग फावड्यावर रेलून,
"आमच्या रस्त्याला तूच असतोस ना?
वेळेवर येतोस. आधीचा तो नऊ वाजवायचा."

यावर काय बोलणार?
ट्रकमधून खडीची बादली काढली,
खांबाचा उरलेला तुकडा तिच्यात रोवला,
पेटी तारेनं आवळली. बादलीही गावाचीच.

संध्याकाळी आर्लिसला फोन केला. "चारशे सतरा. पातं लिही."
"फॉर्म वर गेला."
"मग खाली आण."

पन्नास डॉलर मिळतील त्यांना. 'ओ' मिळणार नाही.

आज रात्री पुन्हा आठ इंच सांगितलाय.
त्या वळणावर पातं जरा आत घेईन,
रस्त्याकडेला हातभर वरंबा राहील,
आणि सकाळी आर्लिस विचारेल,
हा कुणाचा?