नऊशे नव्व्याण्णव

मनामात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत,
घड्याळवाल्याच्या वर दीड खोलीची आमची कंपनी.
नाव दर दोन महिन्यांनी बदलायचं:
कधी सोनेरी वाघ, कधी नुसती तीन अक्षरं
जी बेहरूझशेठला लेबलवाल्याकडे उरलेली मिळाली.

माझं काम पुसण्याचं.
खेळ सुरू होताना मूळ मालकाचं नाव येतं ना,
ते खरवडून तिथे आपलं बसवायचं.
जागा तेवढीच, आठ चौकोन. नववं अक्षर घातलं
की पहिल्याच उडीला माणूस जमिनीतून आरपार.

चिपला काचेची खिडकी असते, बोराएवढी.
आठवडाभर ऊन लागलं की आतलं सगळं विसरते ती.
म्हणून वर काळी पट्टी. कुंजप्पन म्हणायचा,
तुझ्या कपाळावरही एक लाव रे, मुकादम,
बारा वर्षं या उन्हात आहेस.

पिवळ्या डबीवर छापायचो: ९९९ खेळ.
होते सात. बाकी त्या सातांचेच कपडे बदललेले भाऊ;
हिरवं आभाळ, लाल विटा, एखादा जीव कमी, एखादा जास्त.
कोण मोजतंय?

तय्यिबने मोजले.
सुदानी कारकुनाचा पोरगा, दहाचा असेल,
शाळेच्या वहीत रकाने आखून आला:
एकशे चार म्हणजे तीन नंबरच.
दोनशे म्हणजेही तीन नंबर, फक्त रात्र केलीय.
बेहरूझशेठ हसला, त्याच्यासाठी चहा मागवला.
पोराचं बोट खाली सरकत सरकत थांबलं.
"सहाशे सतरा बिघडलाय.
शत्रूच येत नाहीत. वेळ संपत नाही.
नुसतं चालायचं, मग समुद्र, मग एक होडी,
आणि होडीत बसताच येत नाही."

तो माझा होता.
रमजानच्या रात्री जागून केलेला,
हर्णैची पुळण, चौकोनाला चौकोन जोडून.
होडीत बसायचं कसं,
तेवढी जागा चिपमध्ये उरली नव्हती.

शेठने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, हो, बिघडलाय,
आणि पोराला नवी डबी काढून दिली, फुकट.

अर्धा जिना उतरून तो परत आला.
नवी डबी टेबलावर ठेवली.
"जुनीच द्या," म्हणाला,
"सहाशे सतरा आई खेळते."

स्क्रू काढले, डबी उघडली,
खिडकीवर आणखी एक पट्टी लावली,
मग दिली.